खिशातील पिस्तूल

खिशातील पिस्तूल, म्हणजेच पॉकेट पिस्तूल, हे कपड्यांच्या आत बाहेरून दिसणार नाही अशा रीतीने बाळगता येणारे लहान पिस्तूल होय. त्याला ठरलेले माप नाही. आजच्या व्यवहारात साधारणपणे १५० मिमीपर्यंत लांबीचे, २५ मिमीच्या आसपास जाडीचे आणि रिकाम्या अवस्थेत अर्ध्या किलोपर्यंत भरणारे पिस्तूल या वर्गात धरतात. स्वसंरक्षणासाठी नागरिकांनी शस्त्र अंगावर बाळगण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वाधिक रुजलेली असल्याने या पिस्तुलांची घडण, बाजारपेठ आणि त्यांच्याविषयीचे वाद हे सारे मुख्यतः तिथलेच आहे.

दोन पिस्तुलांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. पिस्तूल बाळगायला सोपे व्हावे म्हणून जे जे करावे, त्याने ते चालवायला अवघड होते. वजन घटवले की गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का वाढतो. मूठ आखूड केली की करंगळीला जागा उरत नाही. नळी छाटली की गोळीचा वेग उतरतो आणि नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमधले अंतरही कमी होते. खिशातील सर्वांत लहान पिस्तूल हे नवख्यासाठी सर्वांत सोपे, हा समज म्हणूनच उलटा आहे. असे पिस्तूल सरावलेल्या हाताचे आहे.

इतिहास

चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या पिस्तुलांच्या काळातही कोटाच्या खिशात किंवा हात उबदार राहावेत म्हणून स्त्रिया वापरत त्या फरच्या आवरणात मावणारी पिस्तुले बनत. पण या प्रकाराला नाव मिळाले ते फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिरामुळे. एकच बार असलेली, आखूड नळीची त्याची पिस्तुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फार खपली. १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच पिस्तुलातली होती. पुढे डेरिंजरच्या नावात एक जादा ‘र’ शिरला आणि ते कोणत्याही कारखान्याच्या लहान पिस्तुलाचे सामान्यनाम झाले. रेमिंग्टनचे एकावर एक दोन नळ्यांचे .४१ इंच व्यासाचे डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत राहिले. त्याचे काडतूस दुबळे होते, तरी खिशात मावणारे दोन बार ही गरज सत्तर वर्षे टिकली.

आधुनिक खिशातील पिस्तुलाचा जनक मात्र जॉन ब्राउनिंग. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी त्याने .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) काडतुसाचे, झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारे पिस्तूल रचले. त्यानंतर .२५ एसीपीचे १९०६ सालचे चिमुकले पिस्तूल आले, आणि कोल्ट कंपनीने १९०८ पासून तीच रचना ‘वेस्ट पॉकेट’, म्हणजे बंडीच्या खिशातले, या नावाने अमेरिकेत विकली. सुमारे ३७० ग्रॅमचे हे पिस्तूल चार लाखांहून अधिक खपले. .३८० एसीपी हे काडतूसही १९०८ चेच. युरोपात त्याला ९ मिमी शॉर्ट म्हणतात. साराजेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येत गाव्रिलो प्रिन्सिपने वापरलेले एफएन १९१० याच काडतुसाचे होते. खिशातील पिस्तुलांच्या जगात आजही या तीन काडतुसांची नावे घेतली जातात. शंभर वर्षांहून जुनी रचना अजून मोडीत निघालेली नाही, यातच ब्राउनिंगची थोरवी आहे.

जर्मनीत वाल्थरने १९२९ मध्ये पीपी आणि १९३१ मध्ये त्याची आखूड आवृत्ती पीपीके आणली. चाप लांब ओढला की घोडा, म्हणजे काडतूस पेटवण्यासाठी आपटणारा भाग, आधी चढतो आणि मग पडतो, ही रिव्हॉल्वरची सोय त्यात होती. त्यामुळे नळीत काडतूस भरलेले आणि घोडा उतरवलेला अशा स्थितीत ते बाळगता येई.

अमेरिकेत १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने आयातीसाठी आकाराची किमान मर्यादा घातली. लांबी सहा इंच, उंची चार इंच आणि दोन्हींची बेरीज दहा इंच हवी, शिवाय वजन, काडतूस व सुरक्षा-साधने यांना गुण देऊन किमान ७५ गुण भरायला हवेत. जेमतेम १०४ मिमी लांबीचे ‘बेबी ब्राउनिंग’ त्यामुळे बाजारातून बाहेर पडले. पीपीके उंचीत थोडक्यासाठी कमी पडले, म्हणून त्याची वरची स्लाइड, म्हणजे झाडताना मागेपुढे सरकणारा भाग, पीपीच्या उंच सांगाड्यावर बसवून पीपीके/एस हे नवे नमुनेच घडवावे लागले. देशात बनणाऱ्या पिस्तुलांना मात्र हा नियम लागू नव्हता. ती पोकळी जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेल्या स्वस्त .२५ पिस्तुलांनी भरून काढली. ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ हे हेटाळणीचे नाव अशाच स्वस्त शस्त्रांना पडले, आणि लहान पिस्तूल म्हणजे निकृष्ट पिस्तूल हा ग्रह पुढे बराच काळ राहिला.

तो ग्रह पुसला जाण्यामागे दोन कायदेशीर घडामोडी होत्या. फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला शस्त्र झाकून बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे अशी पद्धत स्वीकारली आणि एकेक राज्य त्या वाटेने गेले. दुसरी घडामोड १९९४ ची. त्या वर्षीच्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, दहाहून अधिक काडतुसे ठेवण्यास बंदी घातली. ती २००४ पर्यंत टिकली. दहाच काडतुसे भरायची तर पंधरांना पुरेल एवढी मूठ कशाला, असा विचार कारखानदारांनी केला आणि १९९५ मध्ये ग्लॉक २६ सारखी खुजी ९ मिमी पिस्तुले आली. मोठ्या मॅगझिनवरच्या बंदीने पिस्तुले लहान व्हायला हातभार लावला, ही गोष्ट या इतिहासात सहसा दुर्लक्षिली जाते.

फ्लोरिडातल्या केल-टेक कंपनीचे, जॉर्ज केल्ग्रेन यांनी रचलेले पी-३२ हे १९९९ मध्ये आले. नायलॉनयुक्त प्लॅस्टिकचा सांगाडा, वजन १९० ग्रॅमच्या आत, म्हणजे खिशात एखादा फोन असावा इतकेच. २००३ मध्ये त्याचाच .३८० भाऊ पी-३एटी आला आणि २००८ मध्ये रुगरने त्याच धर्तीवर एलसीपी आणले. आजच्या .३८० पिस्तुलांचा सुकाळ एलसीपीपासून सुरू होतो.

धक्का आणि यंत्रणा

तुलनेत सर्वांत जास्त गल्लत होते ती धक्क्याविषयी. एकच काडतूस दोन पिस्तुलांतून उडवले तर मागे येणारा संवेग जवळजवळ सारखाच असतो, पण धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वजन निम्मे झाले की ऊर्जा दुप्पट. म्हणून .३८० हे ‘सौम्य’ काडतूस २६६ ग्रॅमच्या एलसीपीमधून तळहाताला झोंबते, आणि अधिक जोरकस ९ मिमी काडतूस अर्ध्या किलोच्या सिग पी३६५ मधून तुलनेने सुसह्य वाटते. नुसत्या काडतुसाच्या नावावरून धक्का ठरवणारा खरेदीदार हमखास फसतो.

यंत्रणेचाही यात वाटा आहे. पीपीके आणि ब्राउनिंगची जुनी पिस्तुले ‘ब्लोबॅक’ पद्धतीची आहेत. त्यांत नळी जागेवर पक्की असते आणि स्लाइडला रोखून धरायला फक्त तिचे स्वतःचे वजन व स्प्रिंगचा ताण असतो. रचना साधी, नळी हलत नसल्याने अचूकता चांगली, पण .३८० साठी स्लाइड जड आणि स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. त्यामुळे ती मागे ओढायला जोर लागतो आणि धक्का एकदम, टोचल्यासारखा येतो. एलसीपी, पी-३२ किंवा ग्लॉक ४२ यांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात. गोळी बाहेर पडल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि स्लाइड सुटते. या कडीबंद पद्धतीमुळे स्लाइड हलकी व स्प्रिंग मऊ ठेवता येते. पीपीके एलसीपीच्या दुपटीहून जड असूनही हाताला बोचरे वाटते, त्याचे बरेचसे कारण हेच.

स्लाइड ओढण्याचा जोर हा किरकोळ मुद्दा नाही. संधिवात झालेल्या किंवा पकड कमी असलेल्या माणसाला ती ओढताच येत नसेल तर बाकीचे सारे गुण व्यर्थ. यावर दोन चांगले तोडगे निघाले. बेरेट्टाच्या बॉबकॅट व टॉमकॅट या पिस्तुलांत एक कळ दाबली की नळीचे मागचे टोक वर उघडते आणि काडतूस थेट नळीत ठेवता येते, स्लाइडला हात लावावा लागत नाही. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये आतल्या घोड्याची रचना वापरून शील्ड ईझी हे .३८० पिस्तूल काढले, त्याची स्लाइड मुद्दाम सहज ओढता येईल अशी केली. मात्र ते खिशात मावणारे नव्हे, कमरेला लावायचे आहे.

हलक्या पिस्तुलाची आणखी एक खोड अशी की पकड सैल राहिली तर सांगाडाच स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडचा पल्ला पुरा होत नाही आणि रिकामे टरफल अडकते. शिवाय लहान जागेत कोंबलेली, स्लाइडला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग लवकर थकते. ती मोठ्या पिस्तुलापेक्षा कितीतरी आधी बदलावी लागते.

काडतुसे

ढोबळ आकडे असे. .२५ एसीपीची सुमारे ३.२ ग्रॅमची गोळी नळीतून बाहेर पडताना ९० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते, .३२ एसीपीची १७५ च्या आसपास, .३८० ची अडीचशेच्या आसपास, तर ९ मिमीची पूर्ण लांबीच्या नळीतून ४५० ते ५००. आखूड नळीत हे सगळेच आकडे खाली येतात.

एफबीआय या अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेने १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर जी कसोटी ठरवली, तिच्यात गोळीने जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंमी शिरावे अशी अपेक्षा असते. .३८० ची अडचण इथे दिसते. टोक पोकळ असलेली, फुलणारी गोळी घेतली तर ती फुलते पण खोल जात नाही, आणि भरीव गोळी खोल जाते पण फुलत नाही. ९ मिमीला दोन्ही साधते. .३२ मध्ये तर बरेच जाणकार भरीव गोळीच पसंत करतात, आणि त्याला एक यांत्रिक कारणही आहे. .३२ च्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असते. पोकळ टोकाची काडतुसे लांबीला कमी भरतात, मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकून बसते. .२२ चे काडतूस स्वस्त आणि धक्का नगण्य, पण त्याची ठिणगीची दारू कडेत भरलेली असल्याने ते मधूनमधून न पेटण्याचा संभव जास्त. ब्राउनिंगचे .२५ हे मध्यभागी पेटणारे आहे, त्यामुळे ताकद फारशी जास्त नसूनही ते अधिक भरवशाचे ठरते.

रिव्हॉल्वरचा पर्याय

स्मिथ अँड वेसनचे पाच बारांचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५० मध्ये आले. त्याचा वंश अजून चालू आहे. घोडा आत झाकलेले आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे ‘६४२’ हे रिव्हॉल्वर सुमारे ४१० ग्रॅम भरते. .३८ स्पेशल काडतुसांचा त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसे धरणारा फिरता भाग, सुमारे ३३ मिमी जाड, त्यामुळे सपाट पिस्तुलाइतके ते खिशात लपत नाही. काडतुसेही कमी. पण एक बार पेटला नाही तर चाप पुन्हा ओढायचा, एवढेच. पकड सैल असली तरी ते अडत नाही, आणि खिशातूनच चालवावे लागले तरी स्लाइड कापडात गुंतण्याचा प्रश्न नाही.

चाप आणि होल्स्टर

काडतुसांवर जेवढी शाई खर्च होते, तिच्या निम्मीही चापावर होत नाही, हे खेदाचे आहे. जुन्या एलसीपीचा चाप लांब आणि जड होता. नेमाला तो वाईट, पण खिशात तोच एक प्रकारचे कुलूप. २०१६ च्या एलसीपी २ चा चाप आखूड व हलका झाला. सिग पी२३८ तर घोडा चढवून आणि अंगठ्याची कळ लावूनच बाळगावे लागते. चाप जितका हलका, तितका तो झाकणाऱ्या होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, भार अधिक. खिशातही होल्स्टर लागतोच, आणि त्या खिशात किल्ली, नाणे, पेन यांपैकी काहीही असता कामा नये. पिस्तूल हातातून पडले तर न उडणे ही दुसरी अट. रुगरने २००८ मध्ये सुरुवातीची एलसीपी पिस्तुले याच दोषासाठी परत मागवून दुरुस्त करून दिली होती. खिशातील कापसाची बारीक तुसे यंत्रणेत जमतात, म्हणून न झाडलेले पिस्तूलही नियमित साफ करावे लागते.

२०१८ नंतर

सिगचे पी३६५ आले आणि जुनी मोजमापे बदलली. तोपर्यंत एवढ्या आकाराच्या ९ मिमी पिस्तुलात, उदाहरणार्थ २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये, मॅगझिनमध्ये सहा काडतुसे मावत. पी३६५ मध्ये दहा मावली. तळाशी दोन रांगांत बसलेली काडतुसे वर येताना हळूहळू एका रांगेत यावीत असा मॅगझिनचा आकार साधला गेला आणि मुठीची जाडी जवळपास तेवढीच राहिली. स्प्रिंगफील्डचे हेलकॅट २०१९ मध्ये, तर स्मिथ अँड वेसनचे शील्ड प्लस २०२१ मध्ये याच मार्गाने आले. त्याच वर्षी एलसीपी मॅक्सने ही युक्ती .३८० मध्ये आणली. सुमारे ३०० ग्रॅमच्या पिस्तुलात दहा काडतुसे. पी३६५ मात्र खिशाच्या मर्यादेवर उभे आहे. सैल खिशात ते बसते, तंग खिशात नाही, आणि ते घेणारे बहुतेक जण ते शेवटी कमरेलाच लावतात.

कायद्याच्या बाजूनेही या काळात मोठा पालट झाला. न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून खास गरज दाखवल्याशिवाय परवाना मिळणे कठीण होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालात ती अट घटनाबाह्य ठरवली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवाय शस्त्र झाकून बाळगण्याची मुभा मिळाली होती. व्हर्मांटमध्ये ती पूर्वापार आहे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही, आणि शाळा, न्यायालये, संघीय इमारती अशा ठिकाणी बंदी कायम आहे.

फेडरल कंपनीने २०२२ मध्ये .३० सुपर कॅरी हे नवे काडतूस याच पिस्तुलांसाठी काढले. ताकद ९ मिमीच्या जवळ, व्यास कमी, त्यामुळे त्याच मॅगझिनमध्ये दोन काडतुसे जास्त. ते फारसे रुजले नाही. मॅगझिनच्या नव्या घडणीने काडतुसांची टंचाई आधीच दूर केली होती.