डोपिंगची नोटीस आली तर : खेळाडू आणि पालकांसाठी

खेळाडू आमच्या कार्यालयाची पायरी चढतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. नोटीस येऊन दोन आठवडे उलटलेले असतात, तालमीत कुणीतरी 'मिटेल, घाबरू नको' असे सांगितलेले असते आणि औषधाची बाटली कचऱ्यात गेलेली असते. असे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

डोपिंगच्या, म्हणजे खेळात बंदी असलेल्या औषधांच्या, नियमांत 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही. लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. डॉक्टरांनी दिले, भावाने मेडिकलमधून आणले, हे पुराव्यानिशी दाखवता आले तर शिक्षा कमी होऊ शकते, पण ठपका राहतोच. क्रिकेटपटू पृथ्वी शॉचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेले औषध सापडले. आपल्याकडे खोकल्याच्या कितीतरी औषधांत हे असते. खोकल्याचे औषध अजाणता घेतले हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरीही ८ महिन्यांची बंदी झालीच.

पैलवान मंडळींनी नरसिंग यादवचे प्रकरण नीट समजून घ्यावे. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो गटात निवड. जून २०१६ मध्ये सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड निघाले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. १ ऑगस्टला राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीने त्याला निर्दोष ठरवले. इथे सगळ्यांना वाटले, संपले. पण जागतिक डोपिंगविरोधी संस्था 'वाडा' अपिलात गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने रिओतच ४ वर्षांची बंदी घातली. भेसळीचा ठोस पुरावा समोर आला नाही, असे लवादाचे मत पडले. तेव्हा इथे जिंकलात म्हणून कागद फेकू नका, आणि घातपाताची शंका असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. महिनाभराने आठवलेल्या गोष्टीला वजन राहत नाही.

नमुना देताना फॉर्मवर अलीकडे घेतलेले प्रत्येक औषध, प्रत्येक पावडर लिहा. अगदी तापाची गोळीसुद्धा. नमुना द्यायला नकार देणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे, हे विसरू नका. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्यासोबत मोठे माणूस थांबू शकते. आजारासाठी बंदी असलेले औषध खरोखरच लागत असेल तर उपचारासाठी सूट मिळते, पण तिचा अर्ज शक्यतो औषध सुरू करण्याआधी करावा लागतो.

नोटीस आल्यावर तारखा महत्त्वाच्या. 'ब' नमुना, म्हणजे त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग, तपासून घेण्याचा हक्क मुदतीतच बजावता येतो. ४ वर्षांची शिक्षा होऊ शकणाऱ्या प्रकरणात आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांत गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केल्यास १ वर्ष कमी होते. निर्णयाविरुद्ध अपिलाला २१ दिवस मिळतात. मान्य करायचे की लढायचे, हा निर्णय घाईने किंवा भीतीपोटी घेऊ नका. आमच्या मते पुरावा हाताशी नसताना लढणे महागात पडते, आणि पुरावा असताना मान्य करून टाकणे हा स्वतःवर अन्याय आहे.

निवडीचे वाद वेगळे. त्याच २०१६ मध्ये पैलवान सुशील कुमारने नरसिंगबरोबर निवडीसाठी चाचणी कुस्ती व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती, ती फेटाळली गेली. निवड कुणाची व्हावी यात न्यायालये सहसा पडत नाहीत. महासंघाने स्वतःचेच नियम मोडले असतील तर मात्र मुद्दा उभा राहतो, म्हणून निवडीचे परिपत्रक जपून ठेवा.

भेटायला येताना नोटीस ज्या पाकिटात आली ते पाकीट, फॉर्मची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल आणा. पावडरचा डबा बॅच क्रमांकासकट आणा, त्याच बॅचचा न उघडलेला डबा मिळाला तर तोही. आणि खोकल्याच्या औषधाची बाटली रिकामी असली तरी न धुता आणा.