एमबीबीएसमधलं जेनेटिक्स

मेडिकलच्या पोरांना आनुवंशिकता शिकवायची तर तिचा एक स्वतंत्र पेपर असेल असं वाटतं, पण भारतात एमबीबीएसला तसा पेपर नाही आणि बहुतेक कॉलेजांत वेगळं डिपार्टमेंटही नाही. विषय तुकड्यातुकड्यांनी येतो. २०१९च्या सीबीएमई (क्षमतांवर आधारलेल्या) अभ्यासक्रमात क्रोमोसोम, आनुवंशिकतेचे पॅटर्न आणि क्लिनिकल जेनेटिक्स हे टॉपिक (७३ ते ७५) अ‍ॅनाटॉमीच्या गळ्यात पडलेत, डीएनए-आरएनए बायोकेमिस्ट्रीकडे, मग पॅथॉलॉजीत जेनेटिक डिसॉर्डर, आणि पार शेवटी पीडियाट्रिक्स आणि गायनॅकमध्ये पेशंट. मेयोसिस (अंडं आणि शुक्राणू बनतानाचं पेशीविभाजन) पाठ केल्यावर त्यातल्या गडबडीने झालेला डाउन सिंड्रोम वॉर्डात दिसेपर्यंत मेयोसिस पार धुऊन निघालेलं असतं.

परीक्षेत भाव कॅरियोटाइपला, म्हणजे क्रोमोसोमच्या जोड्या लावून केलेल्या चित्राला. रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) साधारण ७२ तास कल्चर करायच्या, कोल्चिसिन घालून विभाजन मेटाफेजला (मधल्या टप्प्याला) थांबवायचं, जीम्सा स्टेन करून क्रोमोसोमच्या जोड्या लावायच्या, एवढं सगळ्यांना येतं. माणसात क्रोमोसोम ४६ हे १९५६ला नक्की झालं आणि १९५९ला डाउनमध्ये २१ नंबरचा एक जास्तीचा असतो हे कळलं, हेही व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास.

मुंबईचं स्वतःचं उदाहरण म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ला डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला. यात एच अँटिजेनच (लाल पेशीवरचा ए आणि बीचा पाया) बनत नाही, त्यामुळे ए किंवा बीचं जीन असूनही साध्या टेस्टमध्ये ग्रुप 'ओ' दिसतो, पण नेहमीचं 'ओ' रक्त दिलं तर रिअ‍ॅक्शन येते. म्हणजे आई एबी आणि मूल 'ओ' असं दिसलं म्हणून लगेच कुणावर संशय घ्यायचा नाही, आधी एच तपासायचं. एक जीन दुसऱ्याला कसं झाकतं ते शिकवायला यापेक्षा भारी केस शोधून सापडणार नाही.

खरी गरज मात्र सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या करणारा आनुवंशिक आजार), विदर्भात आणि नंदुरबारकडे तर आहेच आहे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बदल तेवढाच. सॉल्युबिलिटी टेस्टने नुसतं आहे-नाही कळतं, तो वाहक (एएस, सदोष जीन एकच) का रुग्ण (एसएस, दोन्ही सदोष) हे बघायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी टेस्ट लागते. २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमध्ये ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी धरलीय, म्हणजे रिपोर्ट समजावून सांगायचं काम पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) एमबीबीएस डॉक्टरच्याच डोक्यावर. आणि गाडी तिथंच अडते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, पण जोडप्याला ऐकू येतं ते असं की 'चारातलं एक आजारी, एक झालं, आता तिघं चांगली', आणि हा गैरसमज काढायचं ट्रेनिंग फार थोड्यांना मिळतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे हे सुद्धा ठासून सांगावं लागतं, नाहीतर मुलीचं लग्न मोडायला तपासणीचं कार्ड पुरतं.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे पेडिग्री, कुटुंबाच्या वंशावळीची आकृती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर भरीव, वारला असेल तर तिरकी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ, ज्याच्यामुळे कुटुंब आपल्याकडे आलं त्याला बाण. 'नात्यात लग्न झालंय का' एवढंच विचारून भागत नाही, बरेच जण नाही म्हणतात आणि मग 'सासूबाई तुमच्या कोण लागायच्या' विचारलं की 'आत्याच' असं उत्तर येतं. गर्भपात आणि लहानपणी गेलेली मुलं पण मुद्दाम विचारावी लागतात, आपणहून कुणी सांगत नाही.

कायदा फॉरेन्सिक आणि पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) येतो. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८लाच कायदा केला, देशाचा १९९४चा. गर्भाच्या कॅरियोटाइपमध्ये एक्स-वाय समोर दिसतातच, ते घरच्यांना सांगायचं नाही, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांची गर्भतपासणी कायद्यात बसते, आणि हा फरक इंटर्नला बहुतेक वेळा पहिल्यांदा ओपीडीतच कळतो.