दिसणं, भासणं आणि मेंदू : एका अभ्यासाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात कुणाला नसलेलं काही दिसू लागलं, झोपेत छातीवर कुणी बसल्यासारखं झालं किंवा बसल्या बसल्या नजर थिजून हात झटके देऊ लागला, की घरात दोनच निदानं होतात. एक, ‘बाहेरचं आहे’. दुसरं, ‘डोक्यावर परिणाम झालाय’. पहिल्यावर अंगारा, उतारा, अमावास्येच्या फेऱ्या. दुसऱ्यावर तोंड बंद, कारण घरातल्या पोरींची लग्नं व्हायची असतात. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी हे अनुभव मी अभ्यासाला घेतले, तेव्हा त्यांच्याविषयीचं ज्ञान जगात कसकसं जमत गेलं ते आधी वाचून काढलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. जिथे हा अभ्यास पुढे सरकला, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी त्या माणसालाच शांतपणे विचारलं होतं, की काय दिसतं, केव्हा दिसतं, किती वेळ राहतं.

आपल्याकडे याची सुरुवात फार जुनी आहे. चरकसंहितेत उन्माद (वेड) आणि अपस्मार (फेफरं) या दोन्हींवर स्वतंत्र अध्याय आहेत. भुताखेतांमुळे होणारा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला, उन्माद तिथेही मानला आहे. तरीही त्याच ग्रंथाच्या निदानस्थान या भागात स्पष्ट म्हटलंय की ज्यानं स्वतः क्लेश ओढवून घेतलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कुणीच पीडा देत नाही. आणि स्वतःच्या प्रज्ञापराधातून, म्हणजे बुद्धीच्या चुकीतून, आलेल्या व्याधीचा दोष शहाण्यानं देवांना किंवा पितरांना देऊ नये. यातून रुग्णालाच दोषी धरण्याची वाट निघते, ती मला पटत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यानं भुतांना इतकं बाजूला सारावं, हे मोठंच आहे. चरकांच्या मते बुद्धीचं घर हृदयात. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी अपस्माराला ‘पवित्र रोग’ म्हणायला हरकत घेतली आणि त्याचं मूळ मेंदूत आहे असं लिहून ठेवलं.

नीट विचारून घेतलेली एक सुंदर नोंद मात्र जिनिव्हातली आहे. चार्ल्स बोने हा तिथला निसर्गाचा अभ्यासक. त्याचे आजोबा चार्ल्स ल्युलाँ नव्वदीला आलेले, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया होऊनही नजर जवळजवळ गेलेली. बुद्धी आणि स्मरण अगदी शाबूत. त्यांना दिवसाढवळ्या माणसं, बायका, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसत. आवाज कशाचाच नाही. हे सगळं खरं नाही, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. बोनेनं ते सगळं विचारून घेतलं आणि १७६० मध्ये छापलं. पुढे त्याची स्वतःची नजर अधू झाली, तेव्हा त्यालाही तशीच दृश्यं दिसू लागली. विसाव्या शतकात या अवस्थेला त्याचंच नाव मिळालं.

तासगावकडे माझी एक चुलत आजी आहे. तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला, तसतशा तिला सोप्यात पोरी दिसू लागल्या. हिरव्या खणाचे परकर, तेल लावून चापून बसवलेले केस. परकराच्या काठाची नक्षीसुद्धा ती सांगायची, आणि समोर बसलेल्या माझं तोंड तिला धड दिसत नव्हतं. ‘बोलत न्हाईत गं, नुस्त्या हुब्या ऱ्हात्यात,’ म्हणायची. घरच्यांनी उतारा टाकला, दाराला बिब्बा बांधला. शेवटी मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासता तपासता सहज विचारलं, ‘आजी, कधी माणसंबिणसं दिसतात का?’ आजीनं आधी सुनेकडे पाहिलं, मग हळूच ‘व्हय’ म्हणाली. हे नजर गेल्यामुळे होतं, डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पोरी दिसल्या की दिवा लावायचा, डोळे डावी-उजवीकडे भराभर फिरवायचे, एवढं त्यांनी शिकवलं. बऱ्याचदा त्यानं त्या जातात.

असं का होतं, याचा ठोस पुरावा १९९८ मध्ये मिळाला. लंडनमध्ये डॉमिनिक फिचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि काही दिसू लागलं की खूण करायला सांगितलं. रंग दिसत असताना मेंदूतला रंग ओळखणारा भाग जागा झालेला होता, चेहरे दिसत असताना चेहरे ओळखणारा. डोळ्यांकडून येणारा संदेश आटला तरी दृष्टीचे हे भाग गप्प बसत नाहीत. ते आपल्या आपण चालू लागतात. आजीच्या पोरी तिच्यापुरत्या खरोखरच ‘दिसत’ होत्या.

मेंदू असं भरून काढण्याचं काम आपल्या सगळ्यांच्या बाबतीत रोजच करतो. वहीच्या रेघी पानावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर रुपयाच्या नाण्याहून लहान ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडेच बघत राहा आणि वही हळूहळू पुढेमागे करा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मारियोतनं हा आंधळा बिंदू दाखवून दिला. नवल पुढेच आहे. ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, वहीच्या रेघा तिथून सलग गेलेल्या दिसतात. त्या रेघा मेंदूनं ओढलेल्या असतात. दिसणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान, असं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६० च्या दशकात मांडलं, ते याच धर्तीवर.

त्याच हेल्महोल्ट्झनं स्वरांवरही मूलभूत काम केलं, आणि ते समजायला तंबोरे बनवणाऱ्या मिरजेसारखं गाव नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घासणी, नेमकी लागली, की षड्जाच्या (सा) तारेतून गंधार (ग) ऐकू येतो. गंधाराला लावलेली तार तंबोऱ्याला नसते. तो स्वर तारेच्या कंपनात खरोखर असतो, पण नवख्याला तो ऐकूच येत नाही. तंबोरे बनवणाऱ्या कारागिराला चार सुरांत सापडतो. कानावर पडणं आणि ऐकू येणं यांत मेंदूचा सराव असतो.

माणसाच्या मेंदूच्या विजेचा शोध लागला तोही एका विलक्षण अनुभवापायी. १८९० च्या दशकात लष्करी सरावात हान्स बर्गर नावाचा तरुण घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली, कारण दूरच्या गावी बहिणीला तो संकटात असल्यासारखं वाटलं होतं. मनातली शक्ती मेंदूबाहेर जाते का, हे शोधायला बर्गर वैद्यकाकडे वळला. ती शक्ती सापडली नाही. १९२४ मध्ये येना इथे माणसाच्या डोक्यावरून त्यानं पहिल्यांदा विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आज फिट आलेल्या पोराचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतात, त्याचं मूळ इथे आहे. बर्गरच्या प्रश्नाला हसण्याऐवजी तो प्रश्न त्याला कुठे घेऊन गेला हे पाहावं, असं मला वाटतं.

त्याच यंत्रानं ‘अंगावर बसतं’ याचाही उलगडा केला. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी झोपलेल्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवत होता. आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच त्यानं तारा लावून झोपवलं. मध्येच लेखणी जोरजोरात हलू लागली. यंत्र बिघडलं असेल असं त्याला आधी वाटलं, पण मुलाचे डोळे खरंच भराभर फिरत होते. १९५३ मध्ये त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक क्लाइटमन यांनी ही स्वप्नांची झोप जगापुढे ठेवली. काही वर्षांत फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर दाखवलं, की या झोपेत स्नायू पार ढिले पडलेले असतात. मेंदू हातापायांना जाणारे हुकूम अडवून धरतो, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातून उठून पळत नाही.

कधीकधी जाग येते, पण ही अडवणूक सुटलेली नसते. डोळे उघडे, खोली दिसतेय, बोट हलत नाही. बरगड्यांचे स्नायूही सैल असल्यानं मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर तो येत नाही आणि छातीवर ओझं असल्यासारखं वाटतं. स्वप्नाची झोप अर्धवट चालूच असते, त्यामुळे कोपऱ्यात कुणी उभं दिसतं. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०११ मध्ये घेतलेल्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के, तर विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव आलेला असतो. परीक्षेच्या दिवसांत होस्टेलवर कुणाच्या तरी अंगावर मुंजा का बसतो, हे यावरून कळावं.

निरोगी मेंदूला बाहेरून काहीच न मिळाल्यास काय होतं, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात मॅकगिल विद्यापीठातल्या डोनाल्ड हेब यांच्या गटानं पाहिलं. दिवसाला २० डॉलर घेऊन महाविद्यालयीन मुलं डोळ्यांवर धुरकट चष्मे आणि हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या घालून नुसती पडून राहिली. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसवलं नाही. बऱ्याच जणांना चित्रं दिसू लागली. एकाला खांद्यावर पोती घेऊन बर्फातून निघालेल्या खारींची रांग दिसली.

आपल्या भागात हा विषय प्रयोगशाळेतून नाही, चळवळीतून आला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याची आहे: दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, छडीनं किंवा चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं. हे सोसणाऱ्यांत फेफऱ्याची मुलं असतात, स्किझोफ्रेनियाच्या बायका असतात. फेफरं येणाऱ्या दहांपैकी सात जणांच्या फिट्स योग्य औषधांनी थांबू शकतात, हे लक्षात घेतलं की त्या धुरीचा संताप येतो. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही बंदी आहे.

म्हणून माझ्या प्रश्नावलीत ‘विश्वास आहे का’ हा प्रश्न नाही. झोप किती लागते, नजर कशी आहे, दिसतं तेव्हा आवाज येतो का, हातपाय आखडून शुद्ध जाते का, नवीन औषध किंवा दारू चालू आहे का, एवढंच विचारायचं ठरवलंय. आवाज हुकूम देत असतील, माणूस घरच्यांवर संशय घेऊ लागला असेल किंवा तापात एकाएकी बरळू लागला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. एरवी कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही मिळते.