विज्ञानकथेची लांबी ठरली कुठे?

विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा पाठवायला निघालेल्या नवोदिताच्या वाटेत पहिली आडवी येते ती शब्दमर्यादा. ती समीक्षकांनी घातलेली नाही; ती आली मासिकांच्या हिशेबाच्या वहीतून.

एप्रिल 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक. हलक्या कागदावरच्या अशा मासिकांत मानधन शब्दागणिक ठरे. (गर्न्सबॅककडून तेही वेळेवर येत नाही, अशी लेखकांची ओरड होती.) त्यामुळे मोजणीला महत्त्व आलं, आणि ती बसवली गेली टाइपरायटरवर. पानात 25 ओळी, ओळीत 60 ठसे, मोकळी जागा धरून सहा ठशांचा एक शब्द. म्हणजे ओळीला 10 आणि पानाला 250 शब्द. 'हो.' एवढाच संवाद असला तरी ओळ अख्खी जाते, म्हणून तोही 10 शब्दांचा. संपादकाला कथा किती पानं अडवणार एवढंच हवं असे. संवादांनी भरलेल्या कथेत संगणकाचा आकडा या हिशेबापेक्षा बराच कमी भरतो, तो यामुळेच.

1965 मध्ये डेमन नाइटच्या पुढाकाराने अमेरिकी विज्ञानकथालेखकांची संघटना उभी राहिली. तिच्या नेब्युला पुरस्कारात 7,500 शब्दांच्या आत लघुकथा, 17,500 च्या आत दीर्घकथा, 40,000 च्या आत लघुकादंबरी. नवोदिताने पहिल्याच कप्प्यात राहिलेलं बरं: अनोळखी नावाच्या 15,000 शब्दांसाठी पाच-पाच हजारांच्या तीन कथा बाहेर ठेवाव्या लागतात. संघटनेने व्यावसायिक मानलेला किमान दर 2019 पासून शब्दाला 8 सेंट. 4,000 शब्दांचे 320 डॉलर.

कवितेत शब्दांऐवजी ओळी मोजतात. सुझेट हेडन एल्जिनने 1978 मध्ये विज्ञानकवितेची संस्था काढली. तिच्या ऱ्हिसलिंग पुरस्कारात 49 ओळींपर्यंत लघू, 50 पासून दीर्घ. दहा ओळींपर्यंतच्या कवितांसाठी 2006 पासून वेगळा पुरस्कार आहे.

टपालाच्या काळात लांबीचं वजनही भरावं लागे: जाण्याचं तिकीट, शिवाय परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. हा खर्च म्हणजे नकळत बसलेली चाळणीच होती. ऑनलाइन फॉर्म आले आणि ती गेली. 20 फेब्रुवारी 2023 रोजी 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या ऑनलाइन मासिकाने यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे स्वीकृती बंद केली. ती पुन्हा उघडली मार्चमध्ये.