दर्शनी खोलीचा वाद: इंग्लंडमधील कामगारांच्या घरांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील नगरपालिकांच्या भाड्याच्या घरांविषयीची आजची चर्चा विक्री, सवलत आणि टंचाई यांभोवती फिरते. त्या घरांचा आराखडा मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या एका वादातून घडला आणि तो वाद दर्शनी खोली या एकाच खोलीविषयी होता.

मध्ययुगीन घराच्या मधोमध आगटी पेटत असे; सोळाव्या शतकात विटांची धुराडी रूढ झाली आणि त्यामुळे वरचा मजला शक्य झाला. औद्योगिक शहरांत मजुरांच्या वाट्याला जी घरे आली, त्यांपैकी सर्वांत वाईट घरे पाठीला पाठ लावून बांधलेली होती. तीन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्याने त्यांत वारा आरपार खेळत नसे. १८७५ च्या आरोग्य कायद्याखाली नगरपालिकांनी केलेल्या उपविधींमुळे (स्थानिक बांधकाम नियमांमुळे) रुंद रस्ता, मागचे अंगण आणि स्वतंत्र संडास असलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. पाठीला पाठ लावलेली नवी घरे १९०९ मध्ये कायद्याने बंद झाली, तरी लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे ती १९३७ पर्यंत बांधली जात होती.

उपविधींनुसार बांधलेल्या बऱ्या घरांत रस्त्याकडे एक दर्शनी खोली असे. कुटुंबाचे सारे जगणे मागच्या, चुलीच्या खोलीत चाले. पुढची खोली रविवार, पाहुणे, नाताळ आणि अंत्यविधीपूर्वी पार्थिव ठेवण्यासाठी राखलेली असे. लेचवर्थसारख्या उद्याननगरांचा, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा राखून नव्याने वसवलेल्या गावांचा, पुरस्कार करणाऱ्या वास्तुशिल्पींना हा अपव्यय वाटे. आठवडाभर बंद राहणाऱ्या खोलीऐवजी घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, दोन्हीकडून ऊन येणारी एकच मोठी खोली द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते तर्कशुद्ध होते, पण त्या घरांत राहणाऱ्यांना विचारून ठरलेले नव्हते.

विचारणा झाली ती १९१८ मध्ये. पहिल्या महायुद्धानंतरच्या घरांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या स्त्रियांच्या उपसमितीने कामगार घरांतील गृहिणींची मते जमवली, तेव्हा न्हाणीघराबरोबरच दर्शनी खोलीचीही मागणी ठामपणे पुढे आली. आजाऱ्याला निजवायला, मुलांना अभ्यासाला, स्वयंपाकाच्या पसाऱ्यापासून दूर बसायला दार लावता येईल अशी एक जागा त्यांना हवी होती. त्याच वर्षी घरबांधणीविषयीच्या दुसऱ्या एका सरकारी समितीने शहरात एकरी बारा घरांची मर्यादा सुचवली आणि तीन शयनकक्षांच्या घरासाठी दर्शनी खोलीशिवाय ८५५, तर तिच्यासह १०५५ चौरस फूट क्षेत्रफळ धरले. म्हणजे सारा वाद अवघ्या दोनशे चौरस फुटांचा होता आणि पुढे तो मतांपेक्षा पैशांनी निकालात निघाला. १९१९ च्या कायद्याने घरबांधणीत नगरपालिकांना होणाऱ्या तोट्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीवर टाकला होता; बांधकामाचा खर्च भडकताच १९२१ मध्ये ती योजना आखडती घेण्यात आली. १९२३ च्या कायद्याने प्रत्येक घरामागे वर्षाला सहा पौंडांचे ठरावीक अनुदान दिले. घर मोठे केले तरी अनुदान वाढणार नव्हते, त्यामुळे लहान घरे बांधण्याकडे कल गेला आणि दर्शनी खोली सर्वांत आधी कापली गेली. ज्यांना ती परवडत होती, त्या मध्यमवर्गाने मात्र याच काळात उपनगरांतल्या जोडघरांत ती भिंतीबाहेर पुढे आलेल्या खिडकीसह मिळवली.

घरांच्या दर्जाविषयीच्या १९६१ च्या सरकारी अहवालाने घर पूर्ण उबदार असेल तर सर्वच खोल्या वापरात येतील, हे ओळखून नवी क्षेत्रफळे सुचवली. नगरपालिकांच्या घरांना ती १९६९ मध्ये बंधनकारक झाली. १९८० मध्ये हे बंधन उठले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. या हक्काखाली इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या आसपास घरे विकली गेली. विक्रीच्या रकमेतून नवी घरे बांधण्यावर नगरपालिकांना कडक मर्यादा होत्या. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये, तर वेल्सने २०१९ मध्ये रद्द केला. इंग्लंडमध्ये तो टिकून असला तरी २०२४ च्या अखेरीस सवलत बरीच कमी करण्यात आली.

२०१५ च्या राष्ट्रीय मानकानुसार तीन शयनकक्षांच्या, पाच माणसांच्या दुमजली घराला किमान ९३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक हजार चौरस फूट जागा लागते. मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी १९१८ च्या दर्शनी खोलीच्या घरापेक्षा ती कमीच भरते आणि हे मानकही स्थानिक नियोजन आराखड्यात स्वीकारले गेले असेल तरच सहसा लागू होते.