विंचूदंशाच्या उपचाराची पार्श्वभूमी: महाड

कोकणात विंचू चावला की आधी भगत, मग दवाखाना, हा क्रम फार जुना नाही. पण १९७०च्या दशकात दवाखान्यात पोचूनही फारसा फरक पडत नसे. तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, झोपेची इंजेक्शने असे हाताशी असेल ते दिले जाई. त्यातले काही तर घातकच होते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांचे खरे काम इंजेक्शनाचे नव्हे, रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून टिपणे काढण्याचे. आधी उलटी, अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, पुरुषांत व मुलग्यांत लिंगाची ताठरता, रक्तदाब चढलेला. काही तासांत धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो, म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरले. ही आगाऊ लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका खेड्यातल्या डॉक्टरचे निरीक्षण थेट तिथे, हे तेव्हा अप्रूपच होते.

विषाने शरीरातच अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइडने ते साधले, पण त्याची सलाइन थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावी लागते. खेड्यात ते कोण करणार? प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी हेच काम करते. १९८६ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी तिचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि पुढे मृत्यूचे प्रमाण एकदोन टक्क्यांवर आले.

विंचवावरची लस, म्हणजे दंशानंतर द्यायचे प्रतिविष, नंतर आली. महाडलाच ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले: लस आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या प्रॅझोसिनवरच्यांना जवळपास १८ तास लागले. गोळी दोन्ही गटांत होतीच; लस असली तरी ती सुटत नाही. मात्र पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळी दिल्यावर पोराला कडेवर घेऊन उभे राहायचे नाही, आडवेच ठेवायचे, हे आईबापांना तिथेच बजावावे लागते.