पहिली मात्रा रिकामी: फॅमिली मॅनचा खर्ज

ॲस्टन बॅरेटने आपला पहिला बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, स्वतःच बनवला होता. प्लायवूड कापून अंग, एका जाड लाकडी पट्टीची मान, पडदा लावायची तार, आणि तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या जागी राखदाणी. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये २२ नोव्हेंबर १९४६ला जन्मलेला हा मुलगा वेल्डिंग करायचा, सायकली दुरुस्त करायचा. हत्यारं हाताशी होती, आणि कान खर्जाकडे लागलेला होता. पुढे रेगे या जमैकन संगीताचा गायक बॉब मार्ले याच्या वेलर्स बँडमध्ये त्याने जो खर्ज वाजवला, तो जगभर पोचला. पण मार्लेचं नाव घेणाऱ्या शंभर जणांमध्ये बॅरेटचं नाव किती जण घेतील, याची मला शंका आहे. बँडमधली माणसं त्याला फॅमिली मॅन म्हणायची. बँड म्हणजे आपलं कुटुंब, अशी त्याची धारणा होती.

त्या वाद्यात नेमकं काय होतं ते आधी पाहू. तार जितकी लांब आणि जाड, तितकी ती सावकाश हलते. चार तारांच्या बासवरची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, यालाच ४१ हर्ट्झ म्हणतात. हवेत तिची एक लाट आठ मीटरहून थोडी लांब असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या खोलीत ती पुरती मावतही नाही. शिवाय आपला कान अशा खालच्या स्वरांना बराच बधिर आहे. मधल्या पट्टीतला स्वर जितक्या सहज ऐकू येतो, तितक्या सहज हा ऐकू यायचा तर त्याच्यामागे हजारो पट जास्त ऊर्जा ओतावी लागते. स्पीकरचाही हिशेब तसाच. स्वर एक सप्तक खाली नेला आणि दाब तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. किंग्स्टनच्या मोकळ्या अंगणांत रात्री नाच व्हायचे. तिथे आवाज परतवायला भिंती नव्हत्या, म्हणून साउंड सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे नाचासाठी रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी, स्पीकरची कपाटाएवढी खोकी उभी केली. रेगेचा खर्ज त्या खोक्यांसमोर वाढला.

एक प्रयोग घरी करून बघा. वेलर्सचं कुठलंही गाणं फोनच्या स्पीकरवर लावा. तो इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही, तरी बासची चाल तुम्हाला ओळखता येते. तार फक्त ४१ने हलत नाही. सोबत ८२, १२३, १६४ असे तिचे पटीतले स्वरही निघतात. ते कानावर पडले की मेंदू त्यांच्यातलं अंतर मोजतो आणि जो पायाचा स्वर आलेलाच नाही, तो स्वतः उभा करतो. आता तेच गाणं मोठ्या स्पीकरवर लावून खोक्यावर तळहात ठेवा. हाताला जी धडधड लागते, ती फोनवर हरवली होती. कंपनं टिपणारे बारीक कण आपल्या त्वचेखाली असतात. आवाज पुरेसा मोठा असेल, तर अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भागही त्याला प्रतिसाद देतो. खर्ज आपण अंगानेही ऐकतो.

पण ताल धरायचं काम खर्जाकडेच का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१४ सालचं संशोधन मला इथे फार मोलाचं वाटतं. त्यांनी लोकांना एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर एकदम, ठरावीक अंतराने ऐकवले. मधूनच त्यातला एक स्वर ५० मिलिसेकंद लवकर आणला. खालचा स्वर आधी आला तेव्हा मेंदूतल्या विद्युतलहरी जास्त जोरात चमकल्या. बोटाने ठेका धरायला सांगितलं, तेव्हाही बोटं खालच्या स्वरामागेच जास्त गेली. वेळेतली चूक आपल्याला खर्जात चटकन कळते, आणि याचं मूळ अंतर्कर्णाच्या घडणीतच असावं, असं त्यांचं गणित सुचवतं. त्याच विद्यापीठात २०२२मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग एका खऱ्या मैफलीत झाला. ८ ते ३७ हर्ट्झचे, ऐकून ओळखता न येणारे स्वर मधूनमधून सुरू आणि बंद केले. ते सुरू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हालत होते, आणि फरक कशाने पडतोय ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

बॅरेटला हे प्रयोगशाळेतून शिकायची गरज नव्हती. बास वाजवताना आपण खालच्या पट्टीत गातच असतो, असं तो सांगायचा. त्याचा खर्ज गाण्याच्या मागे उभा राहत नाही, तोच गाण्याची दुसरी चाल असतो. ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ कार्लटन बसायचा. दोघांच्या हातात ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका पक्का बसला. आपल्याकडे आवर्तन फिरून आलं की कान समेची वाट बघतो. इथे चार मात्रांतली पहिलीच मात्रा ड्रम सोडून देतो आणि सगळा भार तिसऱ्या मात्रेवर टाकतो. रिकाम्या जागी ऐकणाऱ्याची मान आपसूक झुकते, कारण तिथे ठोका पडणार हे शरीराने आधीच धरलेलं असतं. बॅरेट त्या पोकळीत कधी गप्प राहतो, तर कधी अर्धी ओळ वाजवून थांबतो. दोघे भाऊ एकमेकांची शांतता ओळखून वाजवायचे. एप्रिल १९८७मध्ये किंग्स्टनमध्ये कार्लटनचा खून झाला, आणि ती जोडी तिथेच तुटली.

या खर्जाचा प्रवास मार्लेच्या आधीच सुरू झाला होता. १९६९मध्ये हॅरी जे ऑल स्टार्सच्या ‘लिक्विडेटर’ या वाद्यधुनेत बॅरेटने बास वाजवला, आणि ती धून ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेली. तिच्या सुरुवातीचा तुकडा १९७२मध्ये अमेरिकेतल्या स्टेपल सिंगर्सच्या ‘आय’ल टेक यू देअर’मध्ये जवळजवळ तसाच आला, आणि ते गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलं. सोल हे अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकणाऱ्या लाखो लोकांच्या पायांत किंग्स्टनचा ठेका उतरला, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसताना. पुढे बॅरेटने वेलर्सच्या गाण्यांच्या रॉयल्टीतल्या आपल्या वाट्यासाठी दावा लावला आणि २००६मध्ये लंडनच्या न्यायालयात तो हरला. खर्जाची ओळ ही रचना आहे, नुसती साथ नाही, असं मानणाऱ्या माझ्यासारख्याला ते अजूनही बोचतं.

३ फेब्रुवारी २०२४ला मायामीत बॅरेट गेला. किंग्स्टनमध्येच रॉबी शेक्सपिअर नावाचा एक मुलगा त्याचं वाजवणं ऐकून त्याच्याकडे आला होता, मला शिकव म्हणून. बॅरेटने त्याला शिकवलं. वेलर्सच्या १९७३च्या अल्बममधल्या ‘काँक्रीट जंगल’वर बास वाजवतो तो हाच रॉबी. ते गाणं लावाल तेव्हा सुरुवातीला फक्त तो कुठे वाजवत नाही तेवढंच मोजत जा.